फलक आधी उतरवा: आमच्या गावकऱ्यांना खुले पत्र

सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, ग्रामविकास मंडळाचे पदाधिकारी, आंबा बागायतदार, नौकामालक आणि मुंबईकर मंडळ यांस सप्रेम नमस्कार.

देवळातली दानपेटी फुटली, त्याला आता तीन महिने होतील. दुसऱ्याच दिवशी एसटी थांब्याजवळ फलक लागला: ‘नेपाळी कामगारांनी रात्री आठनंतर वाडीत फिरू नये. – ग्रामस्थ.’ पेटी कुणी फोडली याचा तपास लागलेला नाही. फलक मात्र जागेवर आहे. ग्रामसभेत त्यावर प्रश्न आला, तासभर चर्चा झाली आणि इतिवृत्तात नोंद झाली: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन गैरसमज दूर झाला. गावात कोणताही भेदभाव होत नाही, असे सर्वानुमते ठरले.’

ही नोंद आम्हाला मान्य नाही.

आमच्यात कलमांच्या बागा असलेले आहेत, नौकेचा हिशोब लिहिणारे आहेत, शाळेत शिकवणारे आहेत, घरोघर फिरणाऱ्या आशाताई आहेत. ज्यांच्याबद्दल हा ठराव झाला ती माणसं आमच्या बागा राखतात, आमच्या नौकांवर जाळी ओढतात, आणि त्यांची मुलं आमच्या पटावर आहेत. ठरावाखालच्या सह्यांत आमच्याही सह्या आहेत. त्या आम्ही या पत्राने मागे घेत आहोत. हे पत्र उघडपणे लिहितो, कारण अशीच सभा किनाऱ्यावरच्या आणखी कितीतरी गावांत होऊ शकते.

गावात कुणी दुष्ट आहे असं आमचं म्हणणं नाही. सभेत बोललेली बहुतेक माणसं अडीअडचणीला धावून जाणारी आहेत. म्हणूनच त्या तासाभरात काय घडलं ते नीट मांडावंसं वाटतं. भल्या माणसांसमोर वंशभेदाचा विषय निघाला की तो कुठल्या वाटेने बाजूला पडतो, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

पहिलंच उत्तर आलं: ‘आमच्या मनात तसा काय नाय.’ प्रश्न फलकाचा होता, आणि टपरीवरच्या वेगळ्या कपांचा. मनाबद्दल कुणीच काही विचारलं नव्हतं. बागेतलं काम सहाला सुटतं. अंघोळ करून, चूल पेटवून वाडीत उतरेपर्यंत साडेसात वाजतात. तांदूळ, तेल, मोबाइलचं रिचार्ज, पोराच्या तापाची गोळी, सगळं त्याच वेळेला घ्यायचं असतं. फलक वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं मन दिसत नाही. आठच्या आत परत फिरायचं आहे, एवढंच त्याला कळतं. आपण मात्र पहिली वीस मिनिटं एकमेकांच्या मनाची ग्वाही देण्यात घालवली.

दुसरं उत्तर: ‘आम्ही त्यांना घरच्यासारखं ठेवतो.’ हे वाक्य आम्हीही वापरलं आहे, म्हणून त्याकडे जवळून बघू या. पडवीच्या खांबाला एक खिळा असतो. त्याला कानाने अडकवलेला एक कप असतो, काठाचा टवका उडालेला. चहा पिऊन झाला की ज्याने प्यायला त्यानेच तो पायरीशेजारच्या डोणीत विसळायचा आणि परत खिळ्याला लावायचा. घरातल्या कुणाचाही कप खिळ्याला नसतो. याच खिळ्याला पूर्वी कुणाचा कप असायचा, हे साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हाही घरातली माणसं प्रेमळच होती आणि चहा पोटभरच देत होती. ‘घरच्यासारखं’ म्हणायचं असेल तर कप मांडणीवर जाऊ दे आणि सगळ्यांच्या कपांबरोबर घासला जाऊ दे.

तिसरी गोष्ट सभेतच घडली आणि ती आम्हाला सगळ्यांत जास्त लागली. ‘त्यालाच विचारू या’ असं म्हणून बाहेर उभ्या असलेल्या एका कामगाराला आत बोलावलं. समोर मालक, बाजूला मुकादम, भोवती शंभर माणसं. ‘बोल रे, तुला काही त्रास आहे का आमचा?’ तो हसला आणि ‘नाही साहेब’ म्हणाला. लगेच ‘बघा!’ असा आवाज झाला. ज्याच्या अंगावर उचल आहे, ज्याचं राहतं खोपटं मालकाच्या बागेत आहे, ज्याची हंगामाची मजुरी अजून मालकाच्याच हातात आहे, त्याने तिथे दुसरं काय बोलावं? ग्रामसभा मतदारांची असते. नेपाळचा नागरिक इथे मतदार नाही, त्यामुळे त्याला त्या सभेत हक्काने बोलता येत नाही, हात वर करता येत नाही. ‘सर्वानुमते’ या शब्दात तो धरलेलाच नाही.

मग उपकारांची यादी निघाली. कुणी स्वेटर दिला होता, कुणी बाळंतपणाला गाडी, कुणी गणपतीत मोदक. एका बागायतदार काकांचा आवाज भरून आला, ‘एवढं करून हेच ऐकायचं?’ त्यांचं वाईट वाटणं खोटं नव्हतं. पण त्यानंतरचा सगळा वेळ त्यांची समजूत काढण्यात गेला, आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्यालाच शेवटी माफी मागावी लागली. वाईट वाटलं तर वाटू दे, त्यात काही गैर नाही. त्याची समजूत घरी, आपल्या माणसांत काढता येते. सभेचा वेळ ज्याच्यावर फलक लागला आहे त्याचा होता.

‘मुंबईत आम्ही काय कमी भोगलं?’ असं मुंबईकर मंडळातून विचारलं गेलं. भोगलं, खरंच आहे. चाकरमान्याला एका खोलीत पंधरा-पंधरा जणांनी राहावं लागलं, ‘कोकण्या’ म्हणून हिणवून घ्यावं लागलं. ज्याला हे ठाऊक आहे त्याने बागेतलं खोपटं एकदा आत जाऊन बघावं: पत्रा किती खाली आहे, चूल आणि अंथरूण यांच्यात किती अंतर आहे, फवारणीच्या औषधाचे डबे कुठे ठेवले आहेत. सभेत मात्र तो अनुभव सांगून विषय मिटवला गेला.

कौतुकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं. ‘नेपाळी काटक असतात, त्यांना काही होत नाही.’ ‘गुरखा म्हणजे इमान.’ ही समजूत कुठून आली? 1815 पासून इंग्रजांनी गुरख्यांची पलटणीत भरती सुरू केली. 1857 नंतर त्यांनी हिंदुस्थानातल्या माणसांची ‘लढाऊ’ आणि ‘न लढणारे’ अशी वंशावरून वर्गवारी पक्की केली. त्याच वर्गवारीने 1890 च्या दशकात महारांची भरती बंद केली. दापोलीला तेव्हा पेन्शनीत आलेल्या महार सैनिकांची वस्ती होती. तिथल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार केला होता. म्हणजे ज्या मापाने गुरखा ‘जन्मजात शूर’ ठरला, त्याच मापाने आपल्या जिल्ह्यातला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिपाई ‘नालायक’ ठरला. ते माप आपण अजून वापरतो आहोत.

आणि ते वापरलं की काय होतं ते बागेत दिसतं. मोहोरावर तुडतुड्यांची फवारणी खालून वर, झाडाच्या शेंड्याकडे करतात. वारा फिरला की औषधाचे थेंब गन धरणाऱ्याच्या तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर येतात. चष्मा, मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काम संपल्यावर साबणाने अंघोळीपुरतं पाणी, एवढं लागतंच. ‘काटक’ माणसाला डोक्याला गुंडाळलेल्या टॉवेलावर भागवावं लागतं. रात्रीच्या राखणीला तो स्लीपर घालून पाचोळ्यातून फिरतो, आणि कातळावर, पाचोळ्यात फुरसं असतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. नौकेवर पंख्यात जाळं गुरफटलं की ‘उतर रे’ असा हुकूम त्यालाच होतो. हे लोक तराईतले किंवा डोंगरातले असतात. समुद्र त्यांनी इथे येऊन पहिल्यांदा पाहिला, आणि पोहता येतं का हे अनेकांना कुणी विचारलेलंही नसतं. इमानाचंही तसंच आहे. इमान हा वंशाचा गुण मानला की चोरी झाल्यावर संशयही वंशावरच जातो. दानपेटी फुटली त्या रात्री वाडीत लग्नाचे पाहुणे होते, रस्त्याच्या कामावरचे मजूर होते, आपलीही माणसं होती. फलकावर एकच नाव आलं.

‘गंमत असते हो.’ चिनी, चिंकी, कांचा, बहादूर. नेपाळीत कान्छा म्हणजे घरातला धाकटा मुलगा, आणि बहादुर हे पुष्कळ पुरुषांच्या नावातलं मधलं पद. आपण ती सगळ्यांना सरसकट लावतो. 2014 च्या जानेवारीत दिल्लीच्या लजपतनगरात अरुणाचलचा विद्यार्थी नीडो तानिया मारहाणीनंतर गेला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांची टिंगल करण्यावरून झाली होती. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली, आणि वंशावरून हिणवणं हा स्वतंत्र गुन्हा करावा असं त्या समितीने सुचवलं. आपल्याकडे अजून कुणावर हात उठलेला नाही, तोवरच हे थांबवायचं आहे. तिसरीतल्या मुलीला रोज ‘चिनी’ म्हणून हाक मारली की ती हजेरीला ‘उपस्थित’ म्हणणं सोडून देते, आणि मग आपण शिक्षक तिला ‘बुजरी’ म्हणतो.

काहींनी शब्दावरच हरकत घेतली: वर्णद्वेष गोरे-काळे यांच्यातला, आपल्याकडे तो नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1965 च्या करारात वांशिक भेदभावाची व्याख्या वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ अशा सगळ्या आधारांवर केली आहे. भारताने 1968 साली तो करार स्वीकारला. व्याख्येत ‘कूळ’ आहे, त्यामुळे खिळ्यावरचा कप आधी ज्याचा होता त्याच्या आणि आता ज्याचा आहे त्याच्या, अशा दोघांच्याही बाजूने तो बोलतो. राहिला ‘परके’पणाचा मुद्दा. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारातल्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, फिरण्याची, व्यापाराची मोकळीक दिली आहे. आणि चेहऱ्यावरून ‘नेपाळी’ ठरवलेला माणूस सिक्कीमचा किंवा दार्जिलिंगचा, म्हणजे भारताचाच नागरिक असू शकतो. नेपाळी भाषा 1992 पासून आपल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे.

शेवटी सुचवलं गेलं की 1 मे रोजी सर्व नेपाळी बांधवांना शाल-श्रीफळ द्यावं. सुचवणाऱ्या ताईंचा हेतू चांगला आहे. पण फलक तसाच ठेवून शाल कशी घालणार? महाडचं उदाहरण आपल्याच कोकणातलं आहे. 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. पाण्याला हात लागायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. मधली तीन वर्षं तो ठराव दप्तरातच होता.

आता काय करायचं ते. विषय निघाला की काय करावं हे कळत नाही, म्हणून माणसं मनाची ग्वाही देत बसतात, असं आम्हाला वाटतं. म्हणून पद्धत लिहितो.

ऐकण्याची बैठक वेगळी घ्या. मालक नको, मुकादम नको, पगाराचा किंवा उचल देण्याचा दिवस नको. जागा शाळेची किंवा उपकेंद्राची असावी, मालकाचं अंगण नको. बायकांशी बायकांनीच आणि स्वतंत्र बोलावं. सगळे नेपाळीच बोलतात असं धरू नका. नेपाळच्या कैलाली, बर्दिया या जिल्ह्यांकडच्या कितीतरी जणांची घरची भाषा थारू असते, आणि नेपाळी त्यांनाही आपल्या हिंदीसारखीच शिकून आलेली असते. दुभाषा त्यांच्यातलाच, पण मुकादमाच्या नात्यातला नसलेला शोधावा. ‘त्रास आहे का’ असं विचारू नका, त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. विचारा: चहा कशात मिळतो? हाक कुठल्या नावाने मारतात, कुठल्या नावाने मारलेली आवडेल? मजुरी कोण मोजतं, कुठे लिहितं? आजारी पडलात तर आधी कुणाला सांगता? दुकानात रांगेत मागे सारतात का? आणि पहिल्या बैठकीत आपण काहीही उत्तर द्यायचं नाही. खुलासा नाही, ‘पण’ नाही. लिहून घ्यायचं, पंधरा दिवसांनी परत जायचं आणि काय बदललं तेवढं सांगायचं.

नोंदवहीचं काम त्याहून सोपं आहे. मासेमारी बंदी 31 जुलैला संपली की नौकांवर माणसं येतात, दसरा-दिवाळी उरकून बागांत येतात. आल्या आठवड्यात नोंद करा. नेपाळी देवनागरीतच लिहितात, तेव्हा नाव त्यांच्याच हाताने लिहून घेता येतं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जिल्हा, पालिका, वडा (म्हणजे वॉर्ड) क्रमांक, घरचा फोन. एका नौकेच्या कागदावर नुसतं ‘नेपाळी – 4’ लिहिलेलं आम्ही पाहिलं आहे. ती नौका परतली नसती तर आपण कुणाच्या घरी निरोप देणार होतो?

मजुरीची नोंद दोन वह्यांत, एक त्याच्याकडे. रकमेपुढे ‘भारतीय रुपये’ लिहा. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात. घरी फोनवर आकडा सांगताना यातून घोळ होतो आणि ‘मालकाने फसवलं’ किंवा ‘हा खोटं बोलतो’ इथपर्यंत जातो.

शाळेत दाखल्यावरून अडवणूक नको. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. नेपाळच्या जन्मदाखल्यावर विक्रम संवत असतो. 2073 आकडा बघून ‘कागद बोगस’ म्हणू नका. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि महिना दर संक्रांतीला, म्हणजे सूर्य रास बदलतो तेव्हा, बदलतो. बैशाखापासून पुसाच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल तर 57 वजा करा, त्यानंतर चैत संपेपर्यंत 56. म्हणजे 2073 च्या साउनातला (श्रावणातला) मुलगा 2016 सालचा आणि त्याच संवतातल्या फागुनातली मुलगी 2017 ची. ‘1 जून’ टाकून मोकळं होण्याची सवय आपण आपल्याच आजोबांच्या पिढीपासून लावून घेतली आहे. त्याची गरज नाही.

मागण्या अशा:

फलक या आठवड्यात उतरवावा. लावताना ठराव लागला नव्हता, उतरवतानाही लागणार नाही.

इतिवृत्तातली ‘गैरसमज दूर झाला’ आणि ‘भेदभाव होत नाही’ ही दोन वाक्यं 26 जानेवारीच्या ग्रामसभेत रद्द करावीत आणि चर्चा अपूर्ण राहिली अशी नोंद व्हावी.

चोरी किंवा कुठलाही गुन्हा झाल्यास चौकशी पोलिसांनी करावी. गावाने कुणालाही वंशावरून, भाषेवरून वेगळं काढून रांगेत उभं करू नये.

टपरी, सार्वजनिक नळ आणि महाप्रसादाची पंगत यांत वेगळा कप, वेगळी वेळ, वेगळी ओळ नको. महाप्रसादाला ‘त्यांचं नंतर’ ही पद्धत येत्या जत्रेपासून बंद व्हावी.

फवारणीचं साहित्य, राखणीला गमबूट आणि बॅटरी, नौकेवर माणशी एक लाइफ जॅकेट, हा खर्च मालकांचा. आमच्यातल्या बागायतदारांनी हे साहित्य आणलं आहे. कुठून आणि केवढ्याला घेतलं ते कुणालाही सांगू.

पुढच्या ग्रामसभेआधी ऐकण्याच्या दोन बैठका व्हाव्यात, एक बागांतल्या माणसांची, एक नौकांवरची. नौकांवरची बैठक मासळी उतरवून झाल्यावर, दुपारी ठेवावी. पहाटे कुणी येणार नाही. शाळेचा वर्ग मोकळा करून देण्याची जबाबदारी आमच्यातल्या शिक्षकांनी घेतली आहे आणि थारू बोलणारी एक बाई दुभाषा म्हणून यायला तयार आहे. तारीख मंडळाने ठरवून आठ दिवसांत कळवावी.

आपलेच,
गावातले काही बागायतदार, शिक्षक, आशाताई आणि नौकेवरचे हिशोबनीस